पाटीवरचे नाव आणि आतली शाळा

रत्नागिरीकडची मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली की पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात येते, इथे असरची अजान माहेरापेक्षा उशिरा होते. माहेर शाफई, सासर हनफी. दोन्ही बरोबर, दोन्हींना आधार आहे, असे घरातली वडीलधारी माणसे समजावतात आणि विषय तिथेच संपतो. पण ही दोन नावे कुणाची? दोन फकीहांची, म्हणजे इस्लामी कायद्याच्या दोन थोर जाणकारांची. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम शाफई (रह.). कायदेपंडितांच्या नावाने चालणाऱ्या शाळा आपल्या घरात अशा बाराशे वर्षांपासून आहेत. त्यांना इमारत नाही, फाटक नाही, पाटी नाही. तरी त्या टिकल्या.

कशाच्या जोरावर टिकल्या? इमाम अबू हनीफा कूफा शहरात कापडाचा व्यापार करीत आणि शिकवीत. त्यांच्या हलक्यात एक गरीब घरचा मुलगा येऊन बसे. घरच्यांना वाटे, पोराने काम करून चार दिरहम आणावेत. इमामसाहेबांनी आपल्या पदरचे पैसे देऊन त्या मुलाला शिकत ठेवले. हा मुलगा म्हणजे अबू यूसुफ. पुढे खलीफा हारून रशीदच्या काळात ते काझी-उल-कुझात, म्हणजे सर्व काझींचे प्रमुख झाले. दुसरे मोठे शागीर्द इमाम मुहम्मद बिन हसन शैबानी. ज्या हिजरी 150 साली इमाम अबू हनीफांचे निधन झाले, त्याच साली इमाम शाफईंचा जन्म झाला. त्यांनी मदिन्यात इमाम मालिक (रह.) यांच्याकडे शिक्षण घेतले आणि नंतर इराकमध्ये याच इमाम मुहम्मद यांच्यापुढे बसून हनफी विचार समजून घेतला, त्यावर वाद घातला आणि आपले वेगळे मत मांडले. शाळा वेगळ्या होत्या, पण एकीचा विद्यार्थी दुसरीच्या उस्तादांपुढे बसू शकत होता.

हे सारे आज आठवायचे कारण म्हणजे प्रवेशाचे दिवस. शिक्षक असल्यामुळे या दिवसांत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "मुलीला आपल्या शाळेत घालू की त्यांच्या?" आपली म्हणजे मुस्लिम संस्थेची, बहुधा उर्दू माध्यमाची. त्यांची म्हणजे बाकी सगळ्या. विचारणाऱ्या अम्मीच्या मनात दोन भीती असतात. आपल्या शाळेत घातले तर मूल कोपऱ्यात राहील, मराठी-इंग्रजीत मागे पडेल. त्यांच्या शाळेत घातले तर ते आपले राहणार नाही, किंवा एकटे पडेल. दोन्ही भीती खऱ्या आहेत. या प्रश्नावर दोन देशांतल्या दोन मोठ्या कायदेपंडितांनी आपापले आयुष्य खर्च केले आणि दोघांचीही नावे आज शाळांच्या पाटीवर आहेत. एकाने सांगितले, वेगळी शाळा म्हणजे अन्याय. दुसऱ्याने स्वतःच वेगळी शाळा काढली. दोघेही बरोबर कसे, हे आज पाहू.

पहिले थर्गूड मार्शल. जन्म 1908, अमेरिकेतले बाल्टिमोर शहर. आई शाळेत शिक्षिका. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात आणि त्याला लागून असलेल्या राज्यांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. थर्गूड वर्गात दंगा करी. शिक्षा म्हणून त्याला तळघरात बसवून देशाची राज्यघटना वाचायला लावत. अशा शिक्षा इतक्या झाल्या की घटनेचा बराच भाग त्याला पाठ झाला, असे ते पुढे सांगत. कायदा शिकायचे ठरले तेव्हा घराजवळच मेरीलँड विद्यापीठाचे लॉ स्कूल होते, पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळत नव्हता. म्हणून ते रोज आगगाडीने वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात जाऊ लागले. फीसाठी आईने आपल्या साखरपुड्याची आणि लग्नाची अंगठी गहाण ठेवली.

हॉवर्ड ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची संस्था. तिथे त्यांना चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन नावाचे कडक शिस्तीचे उस्ताद भेटले. समाजाच्या उपयोगी पडणारा वकील घडवायचा, नाहीतर शिकवण्यात अर्थ नाही, अशी त्यांची धारणा. मार्शल 1933 मध्ये वर्गात पहिले आले. तीन वर्षांच्या आत उस्ताद आणि शागीर्द या दोघांनी मिळून मेरीलँडच्या त्याच लॉ स्कूलविरुद्ध डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणाचा खटला लढवला आणि 1936 मध्ये वरच्या न्यायालयातही तो जिंकला. ज्या लॉ स्कूलचे दार मार्शलना बंद होते, त्याच्या ग्रंथालयाला आज थर्गूड मार्शल यांचे नाव आहे. आणि हॉवर्डच्या लॉ स्कूलच्या मुख्य इमारतीला ह्यूस्टन यांचे.

पण खरी नवलाची गोष्ट टेक्सासची. हेमन स्वेट हे ह्यूस्टन शहरातले पोस्टमन. 1946 मध्ये त्यांनी टेक्सास विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. बाकी सर्व पात्रता होती, फक्त रंग आडवा आला. खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयाने राज्याला सहा महिन्यांची मुदत दिली. राज्याने काय केले? दार उघडण्याऐवजी एका तळघरातल्या खोल्यांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळे लॉ स्कूल सुरू केले आणि पुढे ह्यूस्टन शहरात वेगळे विद्यापीठच काढले. एका पोस्टमनला बाहेर ठेवण्यासाठी सरकारने आख्खी शाळा उभारली. स्वेट तिथे गेले नाहीत. त्यांचे वकील होते थर्गूड मार्शल.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 5 जून 1950 रोजी लागला. उस्ताद ह्यूस्टन त्याआधी दीडच महिना वारले होते. निकालपत्रात दोन्ही लॉ स्कूलची तुलना आहे. गोऱ्यांच्या शाळेत 16 पूर्णवेळ आणि 3 अर्धवेळ प्राध्यापक, 850 विद्यार्थी, ग्रंथालयात 65,000 हून जास्त पुस्तके. वेगळ्या शाळेत 5 प्राध्यापक, 23 विद्यार्थी, सुमारे 16,500 पुस्तके आणि वकिलीची सनद मिळालेला एक माजी विद्यार्थी. फक्त एक.

आता कुणी म्हणेल, आकडे काय, वाढवता येतील. आणखी प्राध्यापक नेमा, पुस्तके आणा, झाली बरोबरी. न्यायालयाने इथेच महत्त्वाची गोष्ट सांगितली. मोजता येतात त्यापेक्षा मोठ्या गोष्टी मोजता न येणाऱ्या असतात. शिक्षकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे समाजातले स्थान आणि वजन, संस्थेची परंपरा. यावर शाळा उभी राहते आणि या गोष्टी सरकारी हुकमाने सहा महिन्यांत तयार होत नाहीत. दुसरा मुद्दा असा की, राज्याच्या लोकसंख्येपैकी 85 टक्के लोक ज्या गटांतले, त्यांना या वेगळ्या शाळेत जागाच नव्हती. उद्या वकील झाल्यावर ज्या न्यायाधीशांपुढे, ज्या साक्षीदारांबरोबर काम करायचे, ते बहुतेक याच 85 टक्क्यांतले असणार. त्यांना कधी न भेटता शिकलेला वकील पूर्ण वकील कसा होईल? स्वेट यांना विद्यापीठात प्रवेश द्यावा, असा एकमुखी निर्णय झाला. चार वर्षांनी, 17 मे 1954 रोजी, ब्राऊन खटल्यात याच वाटेने पुढे जाऊन न्यायालयाने सरकारी शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. तिथेही वकिलांचे नेतृत्व मार्शल यांच्याकडेच होते. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी 32 खटले लढवले आणि 29 जिंकले. 1967 मध्ये ते स्वतः त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

मग त्या तळघरातल्या वेगळ्या शाळेचे काय झाले? ती बंद पडली असेल, असे आपल्याला वाटेल. पडली नाही. ह्यूस्टन शहरातले ते विद्यापीठ आज टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटी म्हणून ओळखले जाते आणि 1970 च्या दशकात त्याच्या लॉ स्कूलला नाव दिले गेले थर्गूड मार्शल स्कूल ऑफ लॉ. ज्या शाळेचा वापर मार्शलच्या पक्षकाराला बाहेर ठेवण्यासाठी झाला, तिच्याच पाटीवर मार्शल यांचे नाव! तिचे पहिले विद्यार्थी हेन्री डॉयल पुढे टेक्सासच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती झाले. क्रेग वॉशिंग्टन आणि अल ग्रीन हे माजी विद्यार्थी अमेरिकेच्या संसदेत निवडून गेले. आज तिथे सर्व वंशांचे विद्यार्थी शिकतात.

नाव बदलण्याची आणखी एक गोष्ट मेरीलँड राज्यातली. टेंपल हिल्स या गावातल्या एका माध्यमिक शाळेला सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांचे नाव होते. हे टॉनी म्हणजे 1857 च्या ड्रेड स्कॉट खटल्यात, कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, असा निकाल लिहिणारे. 1993 मध्ये, मार्शल यांच्या निधनाच्या वर्षी, त्या शाळेचे नाव बदलून थर्गूड मार्शल ठेवण्यात आले. दोघेही कायद्याचे मोठे जाणकार, दोघेही सर्वोच्च न्यायालयात बसलेले. म्हणजे कायदा येणे पुरेसे नाही. त्या कायद्याने दार उघडले की लावले, यावर नाव टिकते की पुसले जाते हे ठरते.

या कथेला एक कडू बाजूही आहे आणि शिक्षक म्हणून मला ती सांगितलीच पाहिजे. शाळा एकत्र करताना बऱ्याच ठिकाणी कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले नव्या इमारतीत गेली, पण त्यांच्यावर माया करणारा, त्यांच्या घरची परिस्थिती ओळखणारा उस्ताद मागे राहिला. आणि खुद्द हेमन स्वेट? खटला जिंकून ते विद्यापीठात गेले, पण दोन वर्षांतच तब्येत आणि संसार दोन्ही बिघडले आणि पदवी न घेताच त्यांना बाहेर पडावे लागले. पुढे समाजकार्याचे शिक्षण त्यांनी अटलांटा विद्यापीठात घेतले, म्हणजे पुन्हा कृष्णवर्णीयांच्याच संस्थेत, आणि आयुष्यभर त्याच क्षेत्रात काम केले. 2005 मध्ये ऑस्टिन शहरातल्या न्यायालयाच्या इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले. दार उघडणे एक आणि आत गेलेल्या मुलाला सांभाळणे दुसरे. मार्शल जे घडले ते लिंकन आणि हॉवर्ड या आपल्या लोकांच्या संस्थांत घडले, हेही विसरता येत नाही. त्यांचा लढा वेगळ्या संस्थेशी नव्हता. तो बाहेरून लावलेल्या कुलपाशी होता.

आता मुंबईत येऊ. दुसरे कायदेपंडित न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी. जन्म 1844. वडील तय्यबअली हे मूळचे खंबायतचे सुलेमानी बोहरा व्यापारी. त्यांनी मुलांना शिकायला विलायतेला पाठवले. थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झालेले पहिले हिंदी. बद्रुद्दीन आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, मग एल्फिन्स्टनमध्ये, मग लंडनला. 1867 मध्ये ते मुंबईचे पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. 1895 मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती. मराठी वाचकाला त्यांची एक ओळख वेगळी सांगायला हवी. 1897 मध्ये लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आधीचे जामिनाचे अर्ज फेटाळले गेले, तेव्हा जामीन देणारे न्यायमूर्ती हेच.

तय्यबजींना एल्फिन्स्टनचे दार बंद नव्हते. मुस्लिम मुलांना तिथे कायद्याने मनाई नव्हती. पण मुले जात नव्हती. इंग्रजी शिकलो तर दीन जाईल अशी भीती, घरची गरिबी, फारसीचा जुना मान. दार उघडे असून उपयोग काय, जर उंबऱ्यापर्यंत कुणी हात धरून नेणारा नसेल? म्हणून 1874 मध्ये तय्यबजी बंधू, कोकणी जमातीचे पुढारी नाखुदा मुहम्मद अली रोगे आणि इतरांनी मिळून अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. 1880 मध्ये बाबुला टँकजवळ शाळा सुरू झाली. शिक्षक 3, विद्यार्थी 120. बोरीबंदर स्टेशनसमोरची देखणी इमारत 1893 मध्ये उभी राहिली. आज संस्थेच्या एका उर्दू हायस्कूलला बद्रुद्दीन तय्यबजींचे नाव आहे.

टेक्सासचे तळघर आणि बाबुला टँकची शाळा, दोन्ही आकाराने लहानच. फरक कुठे आहे? एक शाळा मुलांना मोठ्या जगाबाहेर ठेवायला काढलेली, दुसरी मोठ्या जगात न्यायला. तय्यबजींना हा फरक स्पष्ट होता. अंजुमन चालवणारा हा माणूस 1887 मध्ये मद्रासला काँग्रेसच्या अधिवेशनाचा अध्यक्ष झाला. सर सय्यद अहमद खान यांनी काँग्रेसला विरोध केला, तय्यबजींनी आपले मत सोडले नाही. आपल्या कौमसाठी वेगळी शाळा आणि देशाच्या कामात सर्वांच्या बरोबरीने जागा, यात त्यांना विरोध दिसला नाही. 1903 मध्ये मुंबईत भरलेल्या मुस्लिम शैक्षणिक परिषदेचे अध्यक्षही तेच. मुलींच्या शिक्षणाचा त्यांनी आग्रह धरला आणि आपल्या मुलींना इंग्लंडला पाठवून तो घरापासून पाळला.

अंजुमनच्या माजी विद्यार्थ्यांची गोष्ट निघाली की यूसुफ खान, म्हणजे दिलीपकुमार, यांचे नाव येतेच. शिक्षकांत कादर खान. सिनेमात येण्यापूर्वी ते अंजुमनच्याच साबू सिद्दीक कॉलेजात शिकवत. अंजुमनच्या उर्दू संशोधन संस्थेत नजीब अशरफ नदवी यांच्यासारख्या विद्वानाने काम केले. ही नावे सांगताना छाती फुगते आणि फुगावी. पण 1950 चा तो निकाल पुन्हा आठवा. न्यायालय माजी विद्यार्थ्यांचे वजन म्हणते तेव्हा त्यात सिनेनट नसतो. कचेरीत बसलेला कारकून, दवाखान्यातली नर्स, कोर्टातला वकील, ग्रामपंचायतीतला सदस्य, जो शाळेतल्या नव्या पोराला पाहून म्हणतो, "तू आपल्या शाळेचा ना? ये, अर्ज कसा भरायचा दाखवतो." असे लोक किती आहेत, यावर शाळेची ताकद कळते.

तर "आपल्या शाळेत की त्यांच्या" हा प्रश्न विचारणाऱ्या अम्मी-अब्बांना माझे सांगणे एवढेच. पाटीवरचे नाव आणि मालक कोण हे नंतर पाहा. आधी शाळेत जाऊन चार गोष्टी विचारा. एक, शिक्षक किती वर्षे टिकून आहेत? दर वर्षी चेहरे बदलत असतील तर परंपरा कुठून येणार? दोन, दहावी झालेली मुले-मुली पुढे कुठे गेली? शाळेला हे ठाऊक नसेल तर तिला आपले माजी विद्यार्थीच ठाऊक नाहीत. तीन, शाळा मुलांना बाहेर नेते का? तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत, विज्ञान प्रदर्शनात, दुसऱ्या शाळांच्या मैदानावर? उर्दू माध्यम असेल तर मराठीचा तास मनापासून होतो की कसाबसा उरकतात? चार, मूल अडखळले तर घरी येऊन चौकशी करणारा उस्ताद तिथे आहे का?

आपली शाळा या चार प्रश्नांना उतरत असेल तर बिनधास्त घाला. तिथे मुलाला भाषा मिळेल, आपलेपणा मिळेल आणि बाहेरचा रस्ताही. ती चहूकडून बंद असेल, तर केवळ नाव आपले आहे म्हणून मुलाची वर्षे तिथे घालवू नका. आणि त्यांच्या शाळेत घातलेत, तर हेमन स्वेट विसरू नका. प्रवेश मिळाला म्हणजे काम संपले नाही. डबा खाताना तो कुणाबरोबर बसतो, सहलीला जातो का, वर्गात बोलतो का, हे संध्याकाळी रोज विचारा. पालक सभेला जा, मागच्या बाकावर बसू नका.

संस्था चालवणाऱ्यांशीही दोन शब्द. आपल्याकडे शाळेला बॅरिस्टर, न्यायमूर्ती, इमाम यांचे नाव देताना मोठा जलसा होतो. नंतर ते नाव लेटरहेडवर राहते आणि सातवीतल्या मुलाला विचारले तर त्याला ते कोण होते हे सांगता येत नाही. वर्षातून एक दिवस ठेवा. त्या दिवशी हार आणि भाषणे बाजूला ठेवून मुलांनाच त्या माणसाच्या आयुष्यातला एखादा खटला, एखादा निकाल वर्गात चालवून दाखवायला सांगा. एक पोरगा वकील, एक पोरगी न्यायाधीश. बाकीचे साक्षीदार. थर्गूडला राज्यघटना शिक्षा म्हणून वाचायला मिळाली. आपल्या मुलांना ती बक्षीस म्हणून द्या.

आणि ज्या घरात अबू यूसुफसारखे एखादे मूल पैशांपायी शाळा सोडायच्या बेतात आहे, त्या घराशेजारी राहणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. इमाम अबू हनीफांनी पाटी लावली नव्हती, देणगी पेटी ठेवली नव्हती. एका मुलाचा खर्च उचलला होता. जून जवळ आला आहे. आपल्या मोहल्ल्यात असे मूल कोणते, हे या आठवड्यात शोधा.